सातवं पोतं : द पा गावातले चार दिवस

नकाशावर 'पास' लिहिलंय, पण तिथे कुणी पास म्हणत नाही. 'द पा' म्हणायचं. क्री भाषेतल्या 'ओपास्क्वेयाऊ' या शब्दावरून ते आलं म्हणतात. अर्थ साधारण असा, की झाडीतून नदी चिंचोळी होते ती जागा. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या उत्तरेला सव्वासहाशे किलोमीटरवर, सॅस्काचेवान नदीच्या काठी हे गाव आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर ओपास्क्वायाक क्री नेशन, म्हणजे इथल्या मूळ लोकांची वस्ती. दर फेब्रुवारीत इथे नॉर्दर्न मॅनिटोबा ट्रॅपर्स फेस्टिव्हल भरतो. फासे लावून जनावरं धरणाऱ्या, फरवर पोट असलेल्या माणसांची ही जत्रा.

विनिपेगमध्ये राहून आम्हाला सहा वर्षं झाली. या जत्रेबद्दल दरवर्षी ऐकायचो आणि दरवर्षी थंडीला घाबरून बेत सोडून द्यायचो. या वेळी मी, नवरा आणि नऊ वर्षांची चिऊ असे तिघं जाऊन आलो.

पहिला दिवस, गुरुवार

सकाळी आठला निघालो. सहा नंबरचा हायवे, मग साठ, मग दहा. ॲशर्न मागे पडलं की गावं विरळ होत जातात आणि साठ नंबरच्या रस्त्यावर तर फक्त दलदलीतली खुरटी स्प्रूसची झाडं, त्यांच्यावर बर्फाचे गोळे आणि मध्येच एखादा कावळा. फोनला रेंज नाही. वाटेत पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरून घ्या. गाडीत ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, फावडं आणि खायचं असू द्या. आम्हाला त्यातल्या कशाचीच गरज पडली नाही, पण सोबत असल्यामुळे जीव शांत होता.

अंधार पडता पडता पोचलो. पारा उणे ३१. गाडीचं दार उघडून पहिला श्वास घेतला तर नाकातले केस काट्यासारखे टोचले. चिऊने पापण्या मिटल्या, त्या चिकटल्या, आणि तिला फार गंमत वाटली.

रात्री एका हॉलमध्ये फिडल आणि जिगिंग होतं. जिग हा इथल्या मेटी, म्हणजे मूळ लोक आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातल्या लोकांचा नाच. कंबरेच्या वरचं अंग जवळजवळ स्थिर आणि पाय मात्र लावणीच्या ढोलकीवर पडावेत तसे झरझर. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा मणीकाम केलेले मोकासिन, म्हणजे मऊ कातड्याचे बूट, घालून नाचले आणि शेवटी काठी मागवून घेऊन जागेवर जाऊन बसले. त्या मोकासिनचा वास अजून माझ्या नाकात आहे. मूस म्हणजे इथलं थोराड हरीण, त्याचं कातडं घरी कमावून कुजक्या लाकडाच्या धुरावर धरतात, त्याला गावाकडच्या चुलीजवळच्या भिंतीसारखा वास येतो.

भिंतीवर जुने फोटो लावले होते. गावात श्वानशर्यती, म्हणजे बर्फावरून कुत्र्यांनी स्लेज ओढायच्या शर्यती, सुरू झाल्या १९१६ मध्ये. जत्रेला आजचं रूप आलं १९४८ मध्ये. एका फोटोत एमिल सेंट गोडार्ड होता, याच गावचा. १९३२ साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये श्वानशर्यत प्रदर्शनीय खेळ म्हणून ठेवली होती, तेव्हा लेओनहार्ड सेप्पालासारख्या नावाजलेल्या माणसाला मागे टाकून तो पहिला आला. त्याच्या म्होरक्या कुत्र्याचं नाव टोबी. टोबीविना त्याला शर्यत नकोशी झाली आणि त्याने त्या सोडल्या, असं शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या त्या.

राहण्याच्या जागा या आठवड्यात लवकर भरतात. आमचं बुकिंग सप्टेंबरातलं होतं.

दुसरा दिवस, शुक्रवार

जत्रेचा मान 'किंग ट्रॅपर' आणि 'क्वीन ट्रॅपर' यांचा. एका खेळात पहिलं येऊन हा मान मिळत नाही. कुऱ्हाड फेकणं, करवतीने ओंडका कापणं, डोक्यावर होडी घेऊन पळणं, बर्फातले जाळीदार बूट घालून धावणं, सापळा लावणं, चहा उकळणं, बॅनक नावाची जाड रोटी भाजणं, मूसला साद घालणं, पिठाची पोती वाहणं, अशा कितीतरी गोष्टींचे गुण जोडत जातात. रानात एकटा माणूस महिनोन् महिने राहायचा तर त्याला यातलं एकही न येऊन चालायचं नाही, म्हणून.

चहाच्या स्पर्धेला आम्ही अगदी दोरीला लागून उभे राहिलो. प्रत्येकाला एक ओंडका, कुऱ्हाड, काडेपेटी आणि पाण्याचा डबा. ज्याचं पाणी आधी उकळेल तो जिंकला. शिट्टी झाली तशी बहुतेकांनी चार घाव घालून जाळ पेटवला. एक मुलगा, असेल वीस-बावीसचा, नुसता लाकूड सोलत बसला. आधी बोटाएवढ्या चिरफळ्या, मग त्यांची सालपटं, इतकी बारीक की वाऱ्यावर हलत होती. बाकीच्यांच्या डब्यांना धूर लागत होता आणि याने अजून काडीसुद्धा ओढली नव्हती. मला वाटलं, हा गेला. मग त्याने सालपटांखाली भूर्जाच्या सालीचा तुकडा सरकवून काडी लावली, आणि जाळ असा उठला की त्याला मागे सरावं लागलं. त्याच्या डब्यातलं पाणी सगळ्यांत आधी उतू गेलं. भूर्जाच्या सालीत तेल असतं, ती ओलीसुद्धा पेटते. आपल्याकडे त्या सालीवर पोथ्या लिहिल्या, इथे तिच्या होड्या झाल्या आणि विस्तव झाला.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर भांड्यात आधी घोटभर पाणी घालायचं, नाहीतर कोरडा बर्फ तळाला लागतो आणि भांडं करपतं. हे तिथल्याच एका काकांनी चिऊला सांगितलं.

मग बॅनक. शब्द स्कॉटलंडचा, फरच्या व्यापाराबरोबर आलेला. क्रीमध्ये त्याला 'पक्वेसिकन' म्हणतात. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, चरबी, पाणी. उणे २७ मध्ये त्या बायका उघड्या हातांनी पीठ मळत होत्या. बोटं लाल झाली की हात काखेत घालायच्या आणि पुन्हा मळायच्या. गोळा तव्यात थापून खालून जरा धरला की तवा विस्तवासमोर तिरका उभा करायचा, म्हणजे वरची बाजू जाळाच्या धगीवर भाजते. मी नवऱ्याचा हात दाबला. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकतात, तीच रीत! परीक्षक बॅनक मोडून आत कच्चं राहिलंय का ते बघत होते. वरच्या रंगाला भुलत नव्हते.

तिथेच आमची एका आजींशी ओळख झाली. सगळे त्यांना 'कोकुम' म्हणत होते. क्रीमध्ये आजीला लोक असंच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणालो. त्यांच्या घरच्यांनी कडेला शेकोटी केली होती. त्यांनी आम्हाला मूसच्या मांसाचा रस्सा आणि बॅनक दिलं. मी पाकीट काढायला गेले तर त्या हसल्या. शिकारीचं मांस विकायला इथे कायद्याने बंदी आहे, ते वाटूनच खायचं असतं. रस्सा साधाच, बटाटा, कांदा आणि मीठ. मांसाला बोकडाचा उग्रपणा नाही, आणि शिजलं होतं इतकं की चमच्याने तुटत होतं. आमच्या डब्यातल्या गुळपोळ्या मी त्यांना दिल्या. गूळ म्हणजे काय हे समजावताना मेपलचं सरबत आटवून घट्ट केलंय असं समजा, असं म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, पण पोळी आवडली. दोन मागून घेतल्या.

सापळे आणि मस्करॅट सोलायच्या स्पर्धेला मात्र माझा पाय अडला. मस्करॅट म्हणजे दलदलीत राहणारा, घुशीएवढा प्राणी. मी मटण खाणारी आहे, तरी त्या झटपट फिरणाऱ्या सुऱ्या बघवेनात. कोकुमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी वसंतात अख्खं कुटुंब दलदलीत मुक्कामाला जायचं. मांस खायचं, कातडी ताणून वाळवायच्या, आणि त्या विकून शाळेचे बूट यायचे. त्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला नाही. फक्त सांगितलं. त्यांनीच सापळ्यांमधला फरक दाखवला. जुना सापळा पाय धरून ठेवायचा, जनावर तासन् तास तडफडायचं. फ्रँक कॉनिबेअर नावाच्या ट्रॅपरला ते सोसलं नाही. त्याने वर्षानुवर्षं खटपट करून झटक्यात मारणारा चौकोनी सापळा बनवला. आजही तो त्याच्याच नावाने ओळखतात. मी अस्वस्थच होते, आणि अजूनही आहे. पण ते सापळे बघून घाईने मत बनवायची हिंमत मात्र राहिली नाही.

दुपारी मूसची साद. भूर्जाच्या सालीचा कर्णा करून त्यातून मादीची हाक काढायची. मूसचा माजाचा काळ सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा ही हाक ऐकून नर मैलभरावरून येतो. एका माणसाने लांब, नाकातून येणारा, शेवटी खाली घसरणारा सूर लावला. मग थांबला. बराच वेळ थांबला. मूसच्या खांद्याचं वाळकं हाड घेऊन झुडपावर घासलं, जणू शिंगं घासली जाताहेत. पुन्हा थांबला. मैदानावर शेकडो माणसं होती, तरी सगळ्यांनी तेवढा वेळ श्वास धरला होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, रानात तो यानंतर तासभर थांबला असता.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पंज्यांना बोटांचे हातमोजे घालू नका, चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन घाला. सुती काहीही अंगाला लागू देऊ नका, घाम धरून ते गारठतं. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा, बाहेर पाच मिनिटांत बॅटरी झोपते. कॅमेरा घरात नेण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, मग पाणी पिशवीवर जमतं, काचेवर नाही. आणि एकमेकांच्या गालांकडे लक्ष ठेवा. पांढरा डाग दिसला की लगेच तळहात ठेवायचा, चोळायचं नाही. शेकायला जुन्या न्यायालयाच्या इमारतीतलं सॅम वॉलर संग्रहालय चांगलं आहे.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी गाडी सुरू होईना. इथे रात्री गाडीच्या इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. आम्हीही वायर जोडली होती, पण मुक्कामाच्या ठिकाणी त्या खांबाला वीजच नव्हती. जोडल्यावर हीटरचा बारीक आवाज येतो का ते ऐकून मगच झोपायला जा. शेजारच्या ट्रकमधल्या माणसाने न विचारताच केबल काढल्या आणि गाडी चालू करून दिली. नाव विचारलं तर हात हलवून निघून गेला.

त्यामुळे श्वानशर्यतीला धावतपळत पोचलो. सिनेमात दिसतात तसे निळ्या डोळ्यांचे केसाळ हस्की नव्हते. सडसडीत, लांब पायांचे, शिकारी कुत्र्यांचं रक्त मिसळलेले होते. पायांत कापडी मोजे. सुटण्याआधी त्यांचा असा कल्लोळ, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. उड्या मारताहेत, पट्टे चावताहेत, चार-चार माणसं स्लेज धरून बसलीत. सगळे संघ एकाच वेळी सुटतात. सुटले, आणि क्षणात आवाज बंद! मागे राहिली फक्त बर्फावरची सरसर आणि हाकणाऱ्याचं एखादं 'जी' किंवा 'हॉ', म्हणजे उजवीकडे, डावीकडे. त्या शांततेने मला भरून आलं. धावायला मिळेपर्यंतच त्यांचं ते ओरडणं होतं. शर्यत तीन दिवस चालते आणि तिन्ही दिवसांच्या वेळा जोडून निकाल लागतो.

आणि मग पिठाची पोती.

फरच्या काळात माल होडीतून यायचा. जिथे धबधबा किंवा खळाळ असेल तिथे होडीही उचलायची आणि मालही. पाठीवर ओझं, आणि त्याचा चामडी पट्टा कपाळावरून. दोन गठ्ठे, सुमारे ८० किलो, एका खेपेला हे नेहमीचंच. स्पर्धेतलं पोतं १०० पौंडांचं, म्हणजे ४५ किलो. एकेक पोतं पाठीवर रचत जातात आणि तेवढं घेऊन ठरलेलं अंतर चालायचं.

मी लासलगावची. माझ्या आईचे वडील, आप्पा, तिथल्या बाजार समितीत हमाल होते. डोक्यावर फडक्याची चुंबळ, हातात आकडा आणि पाठीवर क्विंटलचं पोतं. आई सांगते, लहानपणी रोज रात्री ती त्यांच्या मानेला तेल चोळायची आणि मान लाकडासारखी लागायची. आपल्याकडे या कामाला शब्दच माथ्यावरून आला, माथाडी. इथे तोच भार कपाळावर. माणसाने आपल्या शरीरात ओझ्यासाठी शोधलेली जागा दोन्हीकडे एकच.

चौथ्या पोत्याला अर्धे गळाले. सहाव्याला दोघं उरले. त्यातला एक बुटका, पन्नाशीकडे झुकलेला. तरुण मुलगा सहा पोती घेऊन जोरात निघाला आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यात वाकला. हा माणूस घाई करत नव्हता. पाय फार उचलत नव्हता, बर्फावरून घासत नेत होता. आप्पा फळीवरून ट्रकमध्ये चढायचे तेव्हा असंच चालायचे. तेव्हा ते मला म्हातारपणामुळे वाटायचं.

त्याने सातवं मागितलं. ३१७ किलो. चार माणसांनी मिळून ते रचलं आणि चौघंही त्याच्या मागे हात पसरून चालू लागले, भाराला हात न लावता. त्याचा चेहरा लाल नव्हता, करडा होता. तोंडातून वाफ येत होती ती तुकड्या-तुकड्यांनी. शेवटची रेघ त्याने ओलांडली आणि तो वाकायच्या आत चौघांनी वरची पोती उचलून घेतली. मग तो खाली बसला. लोक ओरडत होते. त्याने टोपी काढली, त्याच्या घामाच्या केसांवर बघता बघता बर्फ धरला. चिऊने विचारलं, "आई, रडतेस का?" मी हो म्हणाले.

आप्पांसाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मान गेली, गुडघे गेले, आणि हमाली संपली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, की एका वेळी किती पेललंत. इथे ते विचारतात. गावातली शाळकरी पोरं त्या माणसाच्या दंडाला हात लावून बघत होती.

चौथा दिवस, रविवार

सकाळी क्लिअरवॉटर तळ्यावर गेलो. उन्हाळ्यात याचं पाणी इतकं नितळ असतं, की दहा मीटर खालचा तळ दिसतो. आता सगळं पांढरं. ऊन चढायला लागलं तसा तळ्यातून आवाज आला, खोल, लांबवर पळत जाणारा, पाण्याखाली कुणी तंबोऱ्याची तार छेडावी तसा. बर्फ प्रसरण पावताना असा बोलतो. चिऊ बर्फाला कान लावून पालथी झोपली आणि उठायलाच तयार होईना. इतक्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं.

याच तळ्याकाठी गाय हिल नावाची निवासी शाळा होती, १९७९ पर्यंत. मूळ लोकांची मुलं घरापासून तोडून अशा शाळांत ठेवायचे, आपली भाषा बोलली तर शिक्षा व्हायची. ज्या वयात पोरं आजोबांबरोबर सापळ्यांच्या वाटेवर जायची, त्या वयात ती इथे. हेलन बेट्टी ऑसबोर्न या शाळेत होती, आणि नंतर द पा गावात शिकत होती. शिक्षिका व्हायचं होतं तिला. नोव्हेंबर १९७१ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिला रस्त्यावरून पळवून तिचा खून झाला. गाडीत चार गोरे तरुण होते. शिक्षा फक्त एकाला झाली, तीही सोळा वर्षांनी. गावात कुजबुज होती, पण बोललं कुणी नाही, असं पुढे चौकशीत निघालं. तेव्हा सिनेमाघरातसुद्धा मूळ लोक एका बाजूला आणि गोरे दुसऱ्या बाजूला बसायचे.

हे मी इथे लिहिते आहे, कारण परवाचा चहावाला मुलगा मला त्यानंतर वेगळा दिसू लागला. कोकुमनी सांगितलं होतं, ते लाकूड सोलणं त्याला त्याच्या आजोबांनी शिकवलं, आणि मधली पिढी ते शिकलीच नाही. ती पिढी शाळेत होती.

निघताना नदीच्या पुलावरून पलीकडे कोकुमच्या घरी गेलो. त्यांनी चिऊच्या हातात भूर्जाच्या सालीचा छोटा कर्णा ठेवला. आम्ही शिकलेला एकच शब्द म्हणालो, "एकोसानी." म्हणजे आभार. त्यांनी उच्चार सुधारून घेतला, आणि आम्ही पुन्हा म्हणालो. परतीचा रस्ता सुरळीत गेला. चिऊने ॲशर्नपर्यंत कर्णा वाजवला.

घरी पोचल्यावर लासलगावला फोन लावला. तिथे सोमवारची सकाळ होती. आईला सगळं सांगितलं. कुत्रे, तळ्याचा आवाज, गुळपोळ्या. मग सात पोत्यांचं सांगितलं. ती गप्प झाली. वाटलं, लाईन गेली.

"उतरवायला माणसं होती का गं?" तिने विचारलं.

"होती. चौघं. तो वाकायच्या आत उचलून घेतली त्यांनी."

"मग बरं," आई म्हणाली. "आप्पा म्हणायचे, चढवायला कुणीही येतं."